दांड्याची तीन पातेली

"हे नको," आई म्हणाली आणि हातातलं पातेलं तिनं काउंटरवर ठेवलं. "रिकामंच कलंडेल."

"कलंडतंय कुठं, वहिनी? सरळ तर उभं आहे," वेळापुरे म्हणाले.

"इथं उभं राहील. शेगडीवर नाही राहायचं. दांडा बघा केवढा जड, आणि पत्रा पापडासारखा. आत पाणी नसलं की दांड्याच्या बाजूला झुकणार ते."

वेळापुऱ्यांनी पातेलं उचलून हातात तोललं, माझ्याकडं पाहिलं आणि ते फळीवर परत ठेवून दिलं.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या मार्चमधली. कऱ्हाडला भाजी मंडईच्या मागं वेळापुऱ्यांचं भांड्यांचं दुकान होतं. ते वडिलांच्या ओळखीचे, म्हणून आईला वहिनी म्हणायचे. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचं काम करत होते. शनिवारी अर्धा दिवस असायचा. त्या सकाळी मी निघताना आई म्हणाली होती, "दुपारी लवकर ये. दांड्याची पातेली घ्यायचीत मला. चांगली." बऱ्याच दिवसांत ती कुठं बाहेर पडली नव्हती, म्हणून मी हो म्हटलं. म्हटलं, तेवढंच तिचं फिरणं होईल.

आईला दिसत नव्हतं. काचबिंदूनं आधी कडेचं दिसणं गेलं, मग पाच वर्षांत मधलंही. पन्नाशी ओलांडली तेव्हा तिला दार उघडं आहे की बंद, एवढंच उजेडावरून कळायचं. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आईची दृष्टी पूर्ण जाण्याच्या आदल्या वर्षी ते गेले. शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच राहायचो.

त्याच्या दोन वर्षं आधी एकदा मी ऑफिसला गेलेली असताना आईनं दूध तापवायला ठेवलं. उतरवताना पातेल्याचा दांडा स्क्रूवर फिरला आणि उकळतं दूध तिच्या पायावर सांडलं. दीड महिना ती खाटेवर होती. बरी झाल्यावर मी एक नियम केला. कामावर निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर काढायचा, कपाटात ठेवायचा, कुलूप लावायचं आणि किल्ली पर्समध्ये टाकायची. सकाळी भाकरी-भाजी करून झाकून ठेवायची, चहा थर्मासमध्ये भरायचा. आई त्यावर एकदाही काही बोलली नाही. मला वाटायचं, तिला पटलंय.

"हे बघा," वेळापुऱ्यांनी दुसरं पातेलं पुढं केलं. "तांब्याच्या बुडाचं. नवीन आलंय. हल्ली सगळ्या बायका हेच नेतात."

आईनं पातेलं उलटं केलं, बुडावर नखानं टिचकी मारली आणि कान जवळ नेला. मग अंगठ्यानं बुडाच्या कडेवरून एक फेरी मारली.

"तांब्याचा नुसता मुलामा आहे. खालचा पत्रा तोच."

"पण दिसायला..."

"दिसायला असेल छान," आई म्हणाली. "मला त्याचं काय?"

वेळापुरे ओशाळले. "तसं नाही वहिनी," म्हणत त्यांनी आणखी चार-पाच पातेली काढली. आईनं एकेक हातात घेतलं. काउंटरच्या काचेवर ठेवून काठावर चार बाजूंनी बोटानं दाबलं. एक डुगडुगलं, ते बाजूला गेलं. दांडा धरून मनगटानं पिळून पाहिला. एकाचा स्क्रूनं बसवलेला होता, तो तिनं पुढं बघितलाच नाही. एकाचा वेल्डिंगच्या दोन ठिपक्यांवर चिकटवलेला होता.

"रिबिटा मारलेला दाखवा. आतून हात फिरवला की तीन रिबिटांची डोकी हाताला लागली पाहिजेत."

आतून हात फिरवताना ती तळाच्या कोपऱ्यावर थांबायची. "इथं गोल पाहिजे. खाच असली की चमचा अडकतो, पीठ तिथंच बसतं आणि करपतं."

मी घड्याळ बघत होते. दुकानात उकडत होतं आणि मला घरी जाऊन धुणं भिजवायचं होतं.

"आई, चहाचं भांडं आहे ते. कुठलंही घे. करायचं मलाच आहे ना?"

आई वेळापुऱ्यांना म्हणाली, "जड मालातलं काही नाहीच का?"

वेळापुऱ्यांनी जरा विचार केला आणि शिडी लावून माळ्यावर चढले. धूळ झटकत पाच-सहा पातेली खाली आणली. "एका कॅन्टीनवाल्यानं मागवलेली, नंतर नेली नाहीत. जाड बूड, जाड पत्रा. घरच्या बायका हात लावतात आणि जड म्हणून ठेवून देतात. दिसायलाही ओबडधोबड आहेत, म्हणून काढली नव्हती."

आईनं पहिलंच उचललं आणि तिचा चेहरा बदलला. हे मला तेव्हाही जाणवलं. तिनं बुडावर टिचकी मारली. आधीच्या भांड्यांसारखा टणत्कार झाला नाही, ठप्प असा बसका आवाज आला.

"पाणी घाला यात. काठापासून दोन बोटं खाली."

वेळापुऱ्यांनी माठातलं पाणी ओतलं. आईनं भरलेलं पातेलं एका हातानं उचललं, जरा वेळ तसंच धरलं, खाली ठेवलं. मग दुसरं रिकामं पातेलं डाव्या हाताला ओढलं, भरलेल्या पातेल्याची चोच त्याच्या काठावर टेकवली आणि पाणी ओतलं. काउंटरवर थेंब पडला नाही. हात बदलून तिनं दुसऱ्या बाजूच्या चोचीनं पाणी परत ओतलं.

मी घड्याळ बघायचं विसरले. मी रोज दोन वेळचा स्वयंपाक करत होते. पातेलं रिकामं असताना कलंडेल की नाही, तळाच्या कोपऱ्यात पीठ बसेल की नाही, ओतताना चोच कुठल्या हाताला पाहिजे, यातलं काहीच माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

"हे तुला कधीपासून कळायला लागलं?" मी विचारलं.

"हाताला कळतं," ती म्हणाली.

तिनं तीन निवडली. एक लहान, चहाचं. एक उंच आणि अरुंद, दुधाचं. "रुंद भांड्यातलं दूध एकदम वर येतं, उंचातलं जरा वेळ देतं." तिसरं आमटीपुरतं. तिन्हींची झाकणं तिनं लावून, काढून, फिरवून पाहिली.

"झाकणांचा घोटाळा होईल," ती म्हणाली. "हाताला सारखीच लागतात. त्यांच्यावर खुणा करून द्या. लहानाला एक टिंब, मधल्याला दोन, मोठ्याला तीन. जरा दाबून, बोटाला लागतील अशी."

"करतो की. आणि भांड्यांवर नाव?" वेळापुऱ्यांनी नाव घालायचं मशीन पुढं ओढलं. माझ्याकडं बघून ते हसले. "उज्ज्वलाचं टाकायचं ना? एवढं पारखून घेताय म्हणजे रुखवतातच जाणार असतील."

"नाही. माझं टाका. सुगंधा," आई म्हणाली. "भांडी माझ्याकडंच राहणार. ती जाणार आहे."

"हो का? कुठं दिली?"

"दिली नाही. नोकरीला चाललीय. चंद्रपूरला."

वेळापुऱ्यांच्या हातातलं मशीन तसंच राहिलं. महिन्यापूर्वी ऑफिसच्या पत्त्यावर मला पाटबंधारे खात्याचं पत्र आलं होतं. आरेखक म्हणून माझी नेमणूक झाली होती, चंद्रपूरला. मी ते कुणालाच दाखवलं नव्हतं. उत्तरही दिलं नव्हतं. घडी घालून टेबलाच्या खणात ठेवून दिलं होतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"दुसरं पत्र घरी आलंय. बारा दिवस झाले. पमानं वाचून दाखवलं. पहिल्याचं उत्तर नाही म्हणून त्यांनी परत लिहिलंय. एक तारखेला हजर व्हायचंय."

पमामावशी म्हणजे आमची शेजारीण.

"मी जाणार नाहीये," मी आवाज खाली ठेवून म्हटलं. "माझं ठरलंय."

"का?"

"तुला माहितीय का."

"मला नाही माहिती. सांग."

वेळापुरे काहीतरी शोधायचं निमित्त करून मागं गेले. मी म्हटलं, "तुझ्याकडं कोण बघणार, आई? तुझं जेवण, तुझं खाणं?"

"मी करीन."

"कशी करशील? गेल्या वेळचं विसरलीस?"

"नाही विसरले. म्हणून तर रिबिटा बघितल्या." ती माझ्याकडं तोंड करून बोलत होती, पण नजर माझ्या खांद्याच्या जरा वर होती. "सात महिने झाले, उज्जू. तू कामावर गेलीस की मी पमाकडं जाते. तिच्या शेगडीवर शिकलेय. आधी नुसता भात, मग आमटी, मग दूध. तिची तीन पातेली जाळली. एकाचा दांडा माझ्या हातात निघून आला. मनगटावर डाग कसला म्हणून तू विचारलंस तेव्हा दाराची कडी लागली म्हणाले मी. तो पमाचा कुकर होता."

माझ्या डोळ्यांपुढं तो डाग आला. मी त्याला तूप लावलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू माझं तिच्याकडं जाणंही बंद केलं असतंस."

ती थांबली नाही.

"आणखी एक सांगते. राग आला तर येऊ दे. चंद्रपूरला जायची तुला भीती वाटते. लांबचं गाव, ओळखीचं कुणी नाही, एकटीनं खोली घेऊन राहायचं. वाटणारच. पण मग तसं म्हण. माझ्या आंधळेपणाच्या आड लपू नकोस."

मला राग आला. इतका राग खोट्या बोलण्याचा येत नाही.

"पमामावशी तुझ्या शेजारी उभी असायची," मी म्हणाले. "घरात तू एकटी असणार. कुणी बघायला नसताना काय?"

आईनं मागच्या बाजूला हाक मारली, "वेळापुरे, शेगडी आहे का दुकानात?"

"आहे की मागं. चहापुरती. का?"

"चहा करते."

"या पातेल्यात? अहो, तापवलेलं भांडं मग कुणाला विकू मी?"

"मीच नेणार आहे. जमला तरी नेणार, नाही जमला तरी नेणार."

मागच्या खोलीत लाकडी टेबलावर एका बर्नरची शेगडी होती. वेळापुऱ्यांनी चहाचा आणि साखरेचा डबा, दुधाची पिशवी, लायटर, गाळणी, तीन कप असं सगळं मांडलं. आईनं प्रत्येक वस्तू एकदा हातानं चाचपली आणि आपल्या मनाप्रमाणं परत लावली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तू हात लावायचा नाहीस. बोलायचंही नाही."

मी दारात उभी राहिले. माझ्या मागं वेळापुरे.

आईनं कपानं पाणी मोजलं. कपाच्या काठावर आतून बोट धरायचं, पाणी बोटाला लागलं की थांबायचं. शेगडी बंद असतानाच पातेलं तिच्यावर ठेवलं आणि चारी बाजूंनी जाळीच्या टोकांना बोट लावून ते मधोमध आलंय का बघितलं. दांडा उजवीकडं वळवून भिंतीच्या बाजूला केला. मग तोंड जरा मागं घेऊन बटण फिरवलं. गॅसचा सूं आवाज आला. लायटरचा पहिला चाप वाया गेला. दुसराही. माझं पाऊल पुढं पडलं. वेळापुऱ्यांनी माझ्या दंडाला धरलं. तिसऱ्याला भक्कन जाळ धरला.

आईनं हाताचा तळवा जाळाच्या बाजूला लांबून धरला, आच जोखली आणि बटण थोडं मागं घेतलं. नंतर ती काही न करता नुसती उभी राहिली, मान एका बाजूला कलती करून. पाणी आधी बारीक सिमसिमलं, मग तळाशी खुळखुळ सुरू झाली. ती सुरू झाल्यावर तिनं साखर घातली, चहापूड घातली. दूध घालण्याआधी पातेल्यात एक चमचा उभा सोडला. दूध घातल्यावर उकळी आली तसा तो काठावर टकटक करायला लागला. टकटक वाढली, आणि मग अचानक आवाज दबला. चहा वर येत होता. तिनं त्याच क्षणी बटण बंद केलं. फेस काठाच्या अगदी खाली थांबला आणि बसला.

ओतताना तिनं पातेल्याची चोच गाळणीला टेकवली. पहिला कप नीट भरला. दुसराही. तिसऱ्याला बशीत थोडा सांडला. तिनं बशीत बोट लावून बघितलं. "हा माझा," ती म्हणाली.

वेळापुऱ्यांनी उभ्या उभ्या घोट घेतला.

"कसा झालाय?" आईनं विचारलं.

"साखर जरा जास्त झालीय, वहिनी."

"तुम्ही दिलेला चमचा मोठा होता," आई म्हणाली आणि आपला चहा प्यायला लागली.

मी माझा कप हातात धरून होते. मला रडू येत होतं, पण ते मी आवरलं. आईला आवाज कळला असता.

वेळापुऱ्यांनी झाकणांवर टिंबं काढून दिली, भांड्यांवर आईचं नाव घातलं. घरी आल्यावर मी पर्समधून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि रेग्युलेटर सिलिंडरला बसवला. आई दारात उभी राहून ऐकत होती.

"किल्ली पण इथंच ठेव," ती म्हणाली.

रविवारी मी चंद्रपूरला पत्र लिहिलं.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पहिल्याच महिन्यात आईच्या हातून एकदा गॅस चालू राहिला. पमामावशीला वास आला म्हणून निभावलं. एकदा आमटी उतरवताना पदर पेटता पेटता राहिला. तेव्हापासून ती स्वयंपाक करताना पदर कमरेला घट्ट खोचायला लागली. यातलं मला तेव्हा काहीच कळवलं जायचं नाही. पत्रं पमामावशीच्या अक्षरात यायची आणि त्यांत पावसाची, भाज्यांची, गल्लीतल्या बारशांची हकिगत असायची. मीही तिकडून लिहायची ते असंच. सुरुवातीचे तीन महिने मी रोज संध्याकाळी खोलीचं दार लावून रडले, हे मी कधी लिहिलं नाही.

आई त्या घरात नऊ वर्षं एकटी राहिली. मी चंद्रपूरला लग्न केलं, पुढं आमची बदली नाशिकला झाली. शेवटच्या वर्षात तिचे गुडघे गेले तेव्हा मी तिला न्यायला गेले आणि त्या वेळी ती नाही म्हणाली नाही.

पण मला जास्त आठवते ती पहिली दिवाळी. रजा एक दिवस आधी मिळाली, म्हणून मी न कळवताच निघाले. कऱ्हाडला दुपारी पोचले. दार नुसतं लोटलेलं होतं. चपला काढून मी आत गेले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबले.

आई शेगडीपुढं पाठमोरी उभी होती. दूध तापत होतं. पदर कमरेला खोचलेला, मान एका बाजूला कललेली. मी पाहत होते, ते तिला फक्त ऐकू येत होतं. दुधाला कडेनं बुडबुडे आले. साय सुरकुतली, मधून फुगली, वर यायला लागली. आई हलली नाही. माझा हात आपोआप पुढं गेला. दोन पावलांवर बटण होतं. मी हात मागं घेतला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

दूध काठावर आलं. एक ओघळ खाली उतरून जाळावर चरचरला, आणि त्याच वेळी तिनं बटण फिरवलं. जरा उशीरच झाला होता. तिनं फडकं घेतलं, ओटा चाचपत सांडलेलं दूध पुसून काढलं, फडकं धुतलं, पिळलं, खिडकीच्या गजावर वाळत टाकलं.

मग न वळता म्हणाली, "कधी आलीस?"

"आत्ताच."

"चपला काढल्यास तेव्हा दूध नुसतं कोमट होतं."

आईनं हात पुसले आणि ती माझ्याकडं वळली.

"पुढं आली नाहीस."

"नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली. "हातपाय धू. वाढते तुला."